छेदाविना हिशेब

वर्ष सरले की आरोग्य कार्यक्रमांचे आकडे प्रसिद्ध होतात. इतकी शिबिरे भरली, इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, इतके चष्मे वाटले. हे आकडे खोटे असतात असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे असतात, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्यांना उपचारांची गरज होती त्यांपैकी कितीजणांना ते लाभले, हे त्यांतून कळत नाही. अंश मांडायचा आणि छेद गाळायचा, असा हा हिशेब आहे.

या बाबतीत हैदराबादचा कित्ता गिरवण्याजोगा आहे. तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या संशोधकांनी १९९६ ते २००० या काळात, रुग्णालयात आलेल्यांची मोजदाद करून न थांबता, हैदराबाद शहर आणि पश्चिम गोदावरी, आदिलाबाद व महबूबनगर या जिल्ह्यांतील वस्त्यांमधून १०,२९३ लोकांचे डोळे तपासले. शेकडा १.८४ लोक अंध आढळले. त्यांतील ४४ टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू, तर सुमारे १६ टक्क्यांचे चष्म्याच्या नंबराशी निगडित दृष्टिदोष. म्हणजे यातील बरेचसे अंधत्व टाळता येण्याजोगे होते. आणि राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम तर १९७६ पासूनच चालू होता! शस्त्रक्रियांच्या वार्षिक बेरजेतून हे सत्य कधीच हाती लागले नसते.

शिवाय शस्त्रक्रिया झाली म्हणजे दृष्टी आली, असेही नव्हे. म्हणूनच २०२१ साली जागतिक आरोग्य परिषदेने २०३० पर्यंतचे उद्दिष्ट ठरविताना केवळ शस्त्रक्रियांची संख्या धरली नाही. गरजूंपैकी किती जणांना शस्त्रक्रियेनंतर चांगले दिसू लागले, हे प्रमाण धरले.

आपल्या गोव्यानेही हाच मापदंड स्वीकारावा. सत्तरी, सांगे, काणकोण येथील दूरच्या वाड्यांवर, मुले परगावी असलेल्या घरांत एकटी राहणारी वृद्ध माणसे शिबिरापर्यंत पोहोचतात काय? पाहणीला पैसा लागतो हे खरे. परंतु त्यासाठी प्रत्येक घर गाठावे लागत नाही, नीट निवडलेला नमुना पुरतो. ही पाहणी कार्यक्रम राबविणाऱ्यांनीच न करता त्रयस्थ तज्ज्ञांनी करावी, आणि तिचे निष्कर्ष तालुकावार, स्त्री-पुरुषवार जनतेपुढे ठेवावेत.

दवाखान्याच्या वहीत आलेल्यांची नावे असतात. न आलेल्यांचीही नोंद घेणे, हे सरकारचे कर्तव्य आहे.