मानसिक चाचणीतून चांगली आई ओळखता येते का?

मुलाच्या ताब्यावरून कोर्टात वाद सुरू झाला की एक अर्ज हमखास येतो : समोरच्या पक्षकाराची मानसिक तपासणी करावी. कोर्टाला तसा अधिकार आहे. शारदा विरुद्ध धर्मपाल खटल्यात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला; मात्र मागणाऱ्याकडे सबळ प्राथमिक पुरावा हवा, अशी अटही घातली. अर्ज करणाऱ्यांना ही अट सोयीस्करपणे विसरायला होते.

आता या चाचण्या काय सांगतात ते पाहा. एमएमपीआय-२ मध्ये ५६७ विधाने असतात, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढेच उत्तर द्यायचे. रोर्शाक चाचणीत शाईच्या डागांची १० चित्रे. यातली एकही चाचणी चांगला पालक ओळखण्यासाठी बनलेली नाही. शिवाय मूल हातचे जाईल या भीतीने बसलेला माणूस स्वतःला चांगलेच दाखवणार. उलट जी बाई महिनोन्‌महिने तारखांना चकरा मारते आहे, जिला झोप नाही, तिच्या चाचणीत चिंता दिसली तर नवल काय? तापात थर्मामीटर लावायचा आणि ‘याला कायमच ताप असतो’ असा दाखला द्यायचा, त्यातला हा प्रकार.

मला याहून मोठे नुकसान माझ्या टेबलावर दिसते. “डॉक्टर, गोळी द्या, पण चिठ्ठीवर नैराश्य लिहू नका. उद्या ते कागद कोर्टात दाखवतील.” काही जणी गोळी घेतच नाहीत. म्हणजे जी उपचार घेते ती ‘वेडी’, आणि जो दारू पिऊनही कधी डॉक्टरकडे गेला नाही तो ‘नॉर्मल’! मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की पूर्वी घेतलेल्या उपचारावरून, केवळ तेवढ्यावरून, आज आजार आहे असे ठरवता येत नाही. मधुमेहाची गोळी घेणारा बाप नालायक ठरत नाही ना?

गंभीर आजार, व्यसन, मुलाला मारहाण असेल तर तपासणी जरूर व्हावी, पण दोघांचीही. आणि मुलाला शाळेत कोण सोडते, रात्री ताप आला तर कोण जागते, हेही विचारावे.

तुमच्यावर असा आदेश आला तर टाळू नका. नकार दिल्यास कोर्ट प्रतिकूल निष्कर्ष काढू शकते. तपासणारा नोंदणीकृत आहे का आणि नेमका कोणता प्रश्न तपासायचा आहे, हे वकिलामार्फत लेखी मागा. तुमच्या आजाराचा पुरावा कोर्टात दाखल झाला आणि तो तुम्हाला अमान्य असेल, तर कलम १०५ खाली प्रकरण मानसिक आरोग्य मंडळाकडे छाननीला जाते. आणि चालू गोळ्या खटल्याच्या भीतीने आपणहून बंद करू नका.