‘ध’चा ‘मा’ होऊ नये म्हणून

नारायणराव पेशव्यांच्या १७७३मधील हत्येशी जोडलेली ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ती कितपत खरी, हा इतिहासकारांचा प्रश्न. पण कागदावरचे एक अक्षर माणसाचे भवितव्य फिरवू शकते, हे तिचे मर्म आजही खोटे ठरलेले नाही. परदेशी स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ते निवासपत्राच्या निमित्ताने कळते.

१९१९मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्याच्या खेड्यापाड्यांत ज्ञानगंगा नेली. सांगलीत १९४७मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. ते आज वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. या भूमीतून शिकून निघालेली मुले सातासमुद्रापार गेली. अमेरिकेत कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड हाती पडते, तेव्हा घरात पेढे वाटले जातात; कार्डावरचा मजकूर मात्र क्वचितच कोणी अक्षरशः वाचतो. चूक उघड होते ती नव्या नोकरीच्या वेळी किंवा वाहन परवाना काढताना.

या चुकांचे मूळ पुष्कळदा आपल्या नावांच्या रचनेत असते. स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली परंपरा. पाश्चात्त्य अर्जांतील रकाने वेगळे. पारपत्रात आडनावाचा रकाना रिकामा राहिला, तर अमेरिकी व्हिसावर संपूर्ण नावच आडनाव ठरते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव अज्ञात’, अशी अक्षरे उमटतात! ज्ञानेश्वराचा ‘ज्ञ’ आपण ‘डी-एन-वाय’ लिहितो, इतरत्र ‘जी-वाय’ लिहितात. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींचा शाळेचा दाखला एका नावाचा, तर पारपत्र दुसऱ्या नावाचे. शिवाय शाळाप्रवेशासाठी गुरुजींनी सोयीने लिहिलेली ‘१ जून’ ही जन्मतारीख जन्मभर पाठ सोडत नाही.

दुरुस्तीचा मार्ग आहे. अमेरिकेत त्यासाठी ‘आय-९०’ हा अर्ज असून, चूक शासकीय कार्यालयाची असेल तर शुल्क लागत नाही. अर्जदाराची असेल तर भरावे लागते. मग चूक कोणाची, हे ठरणार कसे? मूळ अर्जाच्या प्रतीवरून. ती जपून ठेवणारा निम्मी लढाई जिंकलेला असतो. ब्रिटनमध्ये निवासकार्डावरील चूक कार्ड मिळाल्यापासून १० दिवसांत कळवावी लागे. २०२४च्या अखेरीस ती कार्डे कालबाह्य होऊन तेथे संगणकीय ‘ई-व्हिसा’ आला. आता खिशात कार्ड नाही. स्वतःच्या खात्यात डोकावून नोंद तपासली नाही, तर चूक दिसणारही नाही.

नोंदीविना माणसाचे काय होते, हे त्याच ब्रिटनने दाखवले. कॅरिबियन बेटांतून दशकांपूर्वी आलेल्या, कायदेशीर रहिवासी असलेल्या लोकांना पुरावा दाखवता आला नाही म्हणून नोकऱ्या आणि उपचार गमवावे लागले. त्यांच्या आगमनाच्या जुन्या नोंदपत्रिका शासनानेच २०१०मध्ये नष्ट केल्या होत्या. २०१८मध्ये हे प्रकरण गाजले आणि गृहमंत्री अँबर रड यांना पद सोडावे लागले. कागद शासनाने गमवायचा आणि शिक्षा नागरिकाने भोगायची, हा न्याय नव्हे.

मात्र परदेशाकडे बोट दाखवताना आपल्या कचेऱ्यांकडेही पाहिले पाहिजे. कारकुनाच्या हातून काना-मात्रा चुकली, तरी प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि हेलपाटे आपल्या वाट्याला येतात. वस्तुतः जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९च्या कलम १५नुसार निबंधकाला मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करता येते. चूक कार्यालयाची असेल, तर दुरुस्तीचा भारही कार्यालयानेच उचलावा, हा नियम सर्व दाखल्यांना लागू झाला पाहिजे.

१ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांना पारपत्रासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. म्हणजे उद्याच्या निवासपत्राची पहिली ओळ आज ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत लिहिली जात आहे. आपण बाळाचे बारसे थाटात करतो. त्याच आस्थेने दाखल्यावरचे नाव, तारीख आणि इंग्रजी अक्षरे तपासावीत. नाव हा पूर्वजांनी दिलेला वारसा आहे. तो कागदावरही शुद्ध राहील, हे पाहणे आपलेच कर्तव्य आहे.