हृदयरुग्ण स्त्री, डॉक्टर आणि न लिहिलेली शिफारस

हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण बरा होऊन घरी परतला, की उपचार संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दुसरा टप्पा तेथूनच सुरू होतो. देखरेखीखालील व्यायाम, आहारनियमन, तंबाखूमुक्ती, औषधांचे सातत्य आणि मानसिक आधार यांची सांगड घालणाऱ्या हृदय पुनर्वसनामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते. मात्र या उपचाराचे दार बहुधा डॉक्टरांच्या शिफारशीनेच उघडते आणि ती शिफारस सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

विविध संशोधनांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पुनर्वसनाची शिफारस मिळालेल्या पुरुषांचे प्रमाण सुमारे ४९ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ४० टक्के होते. हा फरक केवळ स्त्रियांच्या अनुत्साहाचा मानता येणार नाही. अमेरिकेत २००५ मध्ये ५०० डॉक्टरांच्या पाहणीत असे दिसले होते, की जोखीम सारखीच असतानाही स्त्रीरुग्णाची गणना कमी जोखमीच्या गटात होण्याची शक्यता अधिक असते.

मग उपचार करणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, याने फरक पडतो काय? फ्लोरिडातील १९९१ ते २०१० या काळातील हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदींचे विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुष डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या स्त्रियांचे जगण्याचे प्रमाण तुलनेने कमी आढळले; परंतु ज्या पुरुष डॉक्टरांसोबत अधिक स्त्री डॉक्टर काम करीत होत्या, तेथे ही तफावत कमी होती. हा अभ्यास जगण्या-मरण्याचा होता, पुनर्वसनाच्या शिफारशीचा नव्हे; त्यामुळे त्यावरून थेट निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तरीही त्यातील बोध मोलाचा आहे. दोष जन्मजात नसून सवयीचा आहे आणि सहवासाने, अनुभवाने तो सुधारू शकतो.

तथापि, डॉक्टरांच्या मनोवृत्तीत बदल होण्याची वाट पाहणे रुग्णाला परवडणारे नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने वेगळा मार्ग चोखाळला. तेथील ११ रुग्णालयांच्या अभ्यासात नेहमीच्या पद्धतीने सुमारे ३२ टक्के रुग्णांनाच शिफारस मिळाली. आपोआप शिफारस आणि प्रत्यक्ष समुपदेशन यांची जोड दिल्यावर हे प्रमाण सुमारे ८६ टक्क्यांवर गेले. डॉक्टरांच्या आठवणीवर किंवा मर्जीवर सोपविलेले काम व्यवस्थेकडे गेले, की पक्षपाताला जागा कमी उरते.

गोव्याने ‘स्टेमी’ प्रकल्पाद्वारे झटक्यानंतरच्या पहिल्या काही तासांतील उपचार ग्रामीण भागापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला आहे. त्याच निर्धाराने पुढचे पाऊलही टाकायला हवे. घरी पाठविताना दिल्या जाणाऱ्या कागदपत्रांत पुनर्वसनाची शिफारस अनिवार्य करावी आणि किती स्त्रियांना ती मिळाली, याची स्वतंत्र नोंद ठेवावी. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. घरच्यांची औषधे वेळेवर देणारी गृहिणी स्वतःच्या हृदयासाठी वेळ मागणार नाही. तो तिला मिळवून देणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे.