गॅस ‘संपत’ नाही!

उन्हाळा सुरू झाला की शहरातील घराघरांतून एक तक्रार ऐकू येऊ लागते : ‘एसीतला गॅस संपला.’ मग कारागीर येतो, दाबमापक लावतो, गॅस भरतो, पैसे घेतो. आणि पुढील वर्षी हाच सोहळा पुन्हा पार पडतो. या व्यवहाराच्या मुळाशी असलेला समज साफ खोटा आहे. शीतक वायू पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तो वर्षानुवर्षे फिरत राहावा, अशीच यंत्राची रचना असते. तो कमी झाला असेल, तर कोठे तरी गळला आहे, एवढाच त्याचा अर्थ. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

या रांजणातून काय सांडते, तेही पाहावे. आज घरगुती यंत्रांत सर्रास असलेला आर-३२ हा वायू एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवून धरतो. जवळजवळ तीनशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखेच हे झाले! त्यापूर्वीच्या आर-४१०एचे प्रमाण याच्या तिप्पट.

‘सुरक्षित’ या शब्दाने आम्हांस एकदा चांगलेच फसविले आहे. १९३० साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नवा शीतक वायू स्वतः हुंगला व त्याच फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखविली. तो विषारी नव्हता, पेटत नव्हता. आणखी काय हवे? या कुळातील वायू ओझोनचे आवरण पोखरतात, हे मोलिना व रोलंड यांनी सांगेपर्यंत १९७४ साल उजाडले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. पुढे आलेल्या वायूंनी ओझोनला धक्का लावला नाही, पण पृथ्वी तापविली. म्हणून २०१६ साली किगाली येथे दुसरा निर्णय झाला. भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला असून त्यानुसार २०३२ पासून कपात सुरू करून २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यावयाची आहे.

आता मात्र खरी अडचण पुढे येते. पृथ्वीला कमी तापविणारे बहुतेक वायू पेटणारे आहेत. यंत्राच्या माहितीपट्टीवर वायूचे नाव असते. त्या नावावरून त्याचा सुरक्षावर्ग कळतो. ‘ए’ म्हणजे कमी विषारी, ‘बी’ म्हणजे अधिक विषारी, आकडा ज्वलनशीलतेचा. जुना आर-२२ ‘ए१’ होता, म्हणजे न पेटणारा. आर-३२ हा ‘ए२एल’, म्हणजे सावकाश पेटणारा, आर-२९० ‘ए३’. हा आर-२९० म्हणजे दुसरेतिसरे काही नसून प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसमधील एक घटक. गोदरेज कंपनीने २०१२ साली त्यावर चालणारे घरगुती यंत्र आपल्याकडे आणले. आम्ही या वायूंचा बागुलबुवा करू इच्छीत नाही. १४.२ किलोचे सिलिंडर स्वयंपाकघरात निर्धास्तपणे ठेवणाऱ्या गृहस्थाने अर्ध्या किलोहूनही कमी प्रोपेनला भ्यावे, असे काही नाही.

भय आहे ते वेगळेच. तिसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेरच्या छज्जावर उकिडवा बसून, वायू पुरता बाहेर न काढता नळीला ज्योत लावणाऱ्या कारागिराचे! न पेटणाऱ्या वायूवर त्याचा हात बसला आहे. उद्या पट्टी न वाचताच हाती येईल तो वायू त्याने यंत्रात भरला, तर दोष एकट्या त्याचा मानावयाचा काय? मध्यवर्ती शासनाच्या २०१९ च्या शीतकरण आराखड्यात एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट स्तुत्यच, पण प्रमाणपत्रावाचून कोणी या कामास हात लावू नये, असा दंडक त्याबरोबर यावयास हवा होता. अमेरिकेने १९९२ पासून दुरुस्तीच्या वेळी ओझोनघातक शीतक जाणूनबुजून हवेत सोडण्यास बंदी केली आणि १९९४ पासून कारागिरांना प्रमाणपत्र सक्तीचे केले. कारखान्यांवर कायद्याची नजर ठेवणाऱ्या आमच्या शासनाला खिडकीबाहेरचा हा छज्जा दिसू नये, हे आश्चर्य आहे.

प्रशिक्षणाचा खर्च यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांनी उचलावा. काढलेला वायू परत घेण्याची केंद्रे महानगरपालिकांनी प्रत्येक विभागात उघडावीत. आणि ग्राहकानेही गॅसच्या पावतीवर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : गळती कोठे सापडली, आणि जुना वायू कशात भरून नेला?