गद्दार शोधू नका, नियम वाचा

माझा भाचा यंदा दहावीत आहे. जपानी चित्रकथांचं, म्हणजे मंगांचं त्याला वेड. त्या इंग्रजी भाषांतरात आल्या तरी पानं आणि चौकटी उजवीकडून डावीकडेच वाचायच्या असतात. त्याच्या मराठी शाळेतल्या दोस्तांची सुरुवातीला तारांबळ उडाली. हा उर्दू माध्यमाचा. ‘खाला, ये तो अपने जैसाच है,’ म्हणून खूश.

त्यातही त्याला आवडतात त्या डोक्यानं खेळायच्या, जीवघेण्या पैजांच्या गोष्टी. पुढच्या भागात कोण कुणाला कसं फसवणार, याचे अंदाज तो आणि त्याचे दोस्त तासन्‌तास बांधत बसतात. मी एकदा शेजारी बसून ऐकलं. सगळ्यांची पद्धत एकच. ‘शकल देख इसकी, पक्का गद्दार है!’ याचे डोळे बारीक आहेत, तो उगाच हसतोय, ती जास्तच गोड बोलतेय.

दुसरीकडे आमच्या स्टाफरूममधले एक सर. त्यांनी ही पुस्तकं उघडूनही पाहिलेली नाहीत, पण मत तयार आहे : ‘यात जुगार आहे आणि वर शिकवण अशी की दुनियेत कुणावरही भरोसा ठेवू नका. पोरांच्या हातून काढून घ्या.’

माझं भांडण दोघांशीही आहे. पोरं आणि सर एकच चूक करतात. दोघंही नियमांचं पान उलटून पुढे जातात.

शिनोबु काईतानी यांची ‘लायर गेम’ घ्या. २००५ ते २०१५ अशी दहा वर्षं ती ‘वीकली यंग जंप’ या जपानी साप्ताहिकात चालली, १९ खंड झाले. नाओ कानझाकी नावाची भोळी, इमानदार कॉलेजची मुलगी. तिच्या घरी एक पेटी येते. आत रोख १० कोटी येन आणि खेळाचे नियम. समोरच्या खेळाडूकडेही तेवढेच पैसे आहेत. मुदत तीस दिवस. कुठल्याही मार्गानं त्याचे पैसे मिळवा, पण शेवटी घेतलेले १० कोटी परत द्यायचेच. हरलात तर तेवढं कर्ज डोक्यावर. समोरचा खेळाडू कोण? तिचे शाळेतले जुने सर! ती विश्वासानं आपले पैसे त्यांच्याकडेच सांभाळायला देते. पुढे काय होतं ते सांगायला नको. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळे ती पानं मला झोंबली.

इथे भाच्याचं गणित बरोबर ठरतं, हे कबूल. मास्तर गद्दार निघाला. पण ते ओळखून हाती काय आलं? पैसे तिजोरीत गेलेच. खरा सवाल पुढचा आहे : आता ते बाहेर कसे यायचे? त्याचं उत्तर मास्तरच्या चेहऱ्यावर नाही, नियमात आहे. मुदत संपली की पैसे खेळ चालवणाऱ्यांच्या हवाली करायचे आहेत. म्हणजे तिजोरी एका ठरलेल्या क्षणी उघडणारच, आणि उघडणार मास्तरच. नाओच्या मदतीला आलेला अकियामा, जो स्वतः ठगबाजीपायी तुरुंगात जाऊन आलेला आहे, तो कुलूप फोडायच्या मागे लागत नाही. खेळ संपला असं मास्तरला वाटलं की झालं.

पुढचा डाव तर मी आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडला. २२ खेळाडू. एक प्रश्न विचारला जातो, हो किंवा नाही लिहून द्यायचं. जे अल्पमतात ते टिकतात, बहुमतवाले बाद. एक-दोघं उरेपर्यंत हेच. पोरं लगेच सुरू झाली : कोण खोटं बोलेल, कुणाचा चेहरा कसा. मी म्हटलं, चेहरे सोडा, आकडे घ्या. २२ जणांत अल्पमत जास्तीत जास्त किती? ११ विरुद्ध ११ झालं तर अल्पमतच नाही. म्हणजे १०. आता आठ जणांनी गुपचूप एकी केली आणि चार हो, चार नाही असं वाटून घेतलं तर? निकाल काहीही लागो, चौघं पुढे जाणार. उरलेल्या दहात हे चौघं दोन-दोन होणार. तिथे अल्पमत फार तर चार, त्यात यांचे दोघं नक्की. शेवटच्या चौघांत एक-एक. एकजण जिंकणारच. कुणावर शक घ्यायची गरजच नाही, आठ जणांनी दिलेला शब्द पाळायचा, बस.

आणि मग येते ती कलाटणी, जी ओळखता आली नाही म्हणून भाचा दोन दिवस रुसला होता. आठ जणांची युक्ती पक्की आहे, तर ती एकालाच सुचली असेल कशावरून? २२ मधून एक वजा करा. राहिले २१. तीन भाग करा, सात-सात. आता तो वजा केलेला माणूस तिन्ही गटांत आठवा म्हणून बसवा. प्रत्येक गटाला वाटतं तो आपला. तिन्हीकडची मतं त्याला आधीच ठाऊक. २२ हा आकडा पहिल्या पानापासून समोर होता! चेहऱ्यांकडे बघत बसलेल्याला तो दिसला नाही, एवढंच.

चेहरे वाचण्याचा मोह किती फसवा आहे, हे नोबुयुकी फुकुमोतोंच्या ‘काईजी’त जास्त ठळक आहे. १९९६ पासूनची ही मालिका. त्यातला पत्त्यांचा एक डाव : बादशहा रयतेला हरवतो, रयत गुलामाला हरवते, आणि गुलाम बादशहाला. एकाकडे चार रयत आणि एक बादशहा, दुसऱ्याकडे चार रयत आणि एक गुलाम. समोरचा तोनेगावा काईजीच्या मनातलं पुस्तकासारखं वाचतो. वाचकालाही वाटतं, काय हा माणसांचा पारखी! निघतं काय? काईजीच्या कानाला लावलेलं यंत्र त्याच्या नाडीची खबर तोनेगावाच्या मनगटावरच्या घड्याळात पोचवत असतं. तो चेहरा वाचतच नव्हता, घड्याळ वाचत होता. काईजी त्याला हरवतो तेही त्याचा त्या घड्याळावरचा भरोसा वापरूनच.

सगळे लेखक इमानदार असतात असं नाही. काही जण नियम लपवतात, शेवटच्या पानावर खिशातून काढतात आणि आपण टाळ्या वाजवतो. असा लेखक मला परीक्षेत धड्याबाहेरचा प्रश्न टाकणाऱ्या मास्तरसारखा वाटतो. त्याचा अंदाज चुकला तर वाचकानं लाजायचं कारण नाही.

राहिला जुगाराचा मुद्दा. हराम ते हरामच, त्यावर वाद नाही. पण सर, काईजी या फेऱ्यात सापडतो तो कशापायी? एका सहकाऱ्याच्या ३ लाख येनच्या कर्जाला तो जामीन राहिला होता, आणि व्याज चढत चढत ते ३८ लाख ५० हजार झालं. व्याज माणसाला कसं गिळतं हे माझ्या वर्गाला दहा व्याख्यानांनी कळलं नसतं. आणि ‘लायर गेम’मध्ये नाओ पुन्हा पुन्हा काय सांगते? सगळे इमानानं वागले तर कुणीच कर्जात बुडणार नाही. पहिल्याच डावात दोघांनी आपापले १० कोटी जसेच्या तसे परत केले असते तर नुकसान शून्य. अख्खा खेळ एकमेकांवरच्या संशयावर चालतो, चालवणाऱ्यांचं भांडवलच ते.

मी हे इतक्या तावातावानं का लिहितेय, तेही सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातून सहलीचे गोळा केलेले पैसे गायब झाले. वर्गानं एका मुलाकडे बोट दाखवलं, कारण त्याच्याकडे सहलीचे पैसे नव्हते आणि तो नजर वर करत नव्हता. मीही सगळ्यात आधी त्याचंच दप्तर उघडलं. सर्वांसमोर. पैसे संध्याकाळी सापडले, माझ्याच हजेरीपटाच्या कव्हरमध्ये, मीच ठेवलेले. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर माफी मागितली. त्या मुलानं ‘कोई बात नहीं, मिस’ म्हटलं आणि मान खालीच ठेवली.

भाच्याला आता मी एक अट घातली आहे. अंदाज वहीत लिहायचा, आणि शेजारी कुठल्या नियमावरून बांधला तेही. ‘शकल देखके’ हे कारण चालणार नाही. गेल्या आठवड्यात त्याचे चारपैकी तीन अंदाज चुकले, पण चौथ्यासाठी त्यानं रात्री साडेअकराला फोन करून मला उठवलं. त्याचे अजून सहा खंड बाकी आहेत, आणि वही माझ्याकडे आहे.