घरात चप्पल कशाला?

“फरशी गार आहे, मोजे घाल,” असे आई म्हणते. “फिरू दे की अनवाणी,” असे बाबा. थंडीत घरोघरी हा वाद रंगतो. यात बाबांचे बरोबर आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, गार फरशीमुळे नव्हे. उलट, गुळगुळीत फरशीवर मोजे घातलेले मूल हमखास घसरते. तळपायाची कमान पहिल्या सहा वर्षांत घडत असते. भारतातील २३०० मुलांच्या, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अनवाणी मुलांपैकी २.८ टक्के, तर पादत्राणे वापरणाऱ्यांपैकी ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट आढळले. उंबऱ्याबाहेर मात्र आईचेच ऐकावे. अंकुशकृमीची अळी ओल्या मातीतून थेट तळपायाच्या त्वचेत शिरते आणि पुढे मूल रक्तक्षयाने फिकट पडते. अंगणात, शेतात चप्पल हवीच.