मधल्या वर्षाला वाली कोण?

कोणत्याही मुलींच्या वसतिगृहाचा सूचनाफलक पाहावा. वर्षारंभी पहिल्या वर्षाच्या मुलींचे स्वागत आणि रॅगिंगविरोधी समितीची सभा. वर्षाअखेर तिसऱ्या वर्षाचा निरोप समारंभ, त्याआधी स्पर्धा परीक्षांचे आणि बी.एड्.चे मार्गदर्शन. मधल्या वर्षाच्या वाट्याला एकच सूचना येते: प्रवेशाचे नूतनीकरण करावे, सोबत गुणपत्रिकेची प्रत जोडावी.

एस.वाय.ची मुलगी रुळलेली असते, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. तिला एस.टी.च्या वेळा पाठ, मेसच्या आमटीची सवय झालेली. आता तिला आणखी काय हवे? माझ्या मते खरी अडचण इथेच सुरू होते. पहिल्या वर्षाचे नवल सरलेले असते, पदवी दृष्टिपथात नसते, आणि एखादा विषय एटीकेटीच्या रूपाने मागून चालत आलेला असतो. रडू आले तरी 'आता तू काय नवीन आहेस का?' असे मैत्रिणीच विचारतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या वर्षाला आणखी वजन आणले आहे. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी मेजर-मायनर ठरते. दोन वर्षे पुरी झाली की पदविका घेऊन बाहेर पडण्याची वाटही धोरणात आहे. ज्याला पुढे परत यायचे आहे त्याच्यासाठी ही सोय चांगलीच. पण ज्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच मुलगी, तिथे 'कागद मिळाला ना, मग पुरे आता' हे किती सहज म्हटले जाईल! स्थळेही नेमकी याच सुमारास येऊ लागतात. दिवाळीला गावी गेलेली मुलगी परत येत नाही. पंधरा दिवसांनी भाऊ येऊन तिची पेटी आणि गादी घेऊन जातो. कार्यालयात 'प्रवेश रद्द' अशी नोंद होते आणि खाट दुसरीला मिळते. ती का गेली, हे विचारण्याचे काम कोणाचेच नसते.

यावर उपाय म्हणून पाहुण्यांचे व्याख्यान ठेवू नये, एवढी विनंती. हार-तुरे, प्रास्ताविक आणि आभार यांतच तास जातो. त्यापेक्षा विषय निवडण्यापूर्वी, रात्रीच्या जेवणानंतर, तिसऱ्या वर्षाच्या आणि शिकून गेलेल्या मुलींना आमच्यात बसवावे. अर्थशास्त्र घेतलेलीने पुढे काय केले, मराठी घेतलेलीला काय जड गेले, हे त्याच सांगू शकतात. पालकसभा रविवारऐवजी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी घ्यावी. त्या दिवशी वडील नाहीतरी गावातून येतातच, मजुरी बुडत नाही. आणि दिवाळीनंतर आठ दिवसांत जी परतली नाही, तिच्या घरी रेक्टरबाईंनी स्वतः फोन करावा. वसतिगृहाच्या बाईंचा शब्द घरी मानला जातो. आमचा कोण मानतो?

दुसरे असे की आम्हाला काम द्यावे. मेसचा हिशेब, अभ्यासिकेची किल्ली, नव्या मुलींची चौकशी हे सारे एस.वाय.कडे असावे आणि 'कमवा आणि शिका' योजनेतून त्याचे तास धरावेत. यावर 'अभ्यास बुडेल' असे म्हटले जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे बोर्डिंग काढले, तिथली मुले कष्ट करूनच शिकली. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभारली, तीही खेड्यातून आलेले मूल शाळेतून गळू नये म्हणूनच. खाट आणि दोन वेळचे जेवण एवढाच त्यामागचा हेतू असता, तर धर्मशाळाही चालली असती.

'तुम्ही आता सज्ञान आहात, तुमचे निर्णय तुम्ही घ्या,' असेही आम्हाला ऐकवले जाते. निर्णय आमचाच असावा, हेच तर आमचेही मागणे आहे. मात्र तो घेताना कोणीतरी जाणते शेजारी असावे. त्यासाठी सभागृह नको, फलक नको. जेवणानंतरची मेसची खोली पुरे. चहाचे आम्ही पाहू.